प्रोसेसर बदलावा का? आधी टेहळणी, मग खर्च



मी महूला राहतो, नातू बंगळुरूला. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं आपापल्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर लावून सोबत विमानं उडवतो. फोनवर दोन वाक्यांत आटपणारा हा पोरगा तिथे तासभर गप्पा मारतो. त्यामुळे मुंबईला उतरताना माझं चित्र अडखळून विमान आपटायला लागलं, "आबा, तुमचं मशीन बदला हो" असं दर आठवड्याला ऐकू यायला लागलं, तेव्हा प्रश्न नुसत्या खेळाचा राहिला नाही.

माझा संगणक २०१७ सालचा. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम. गेल्या वर्षी मी घाई केली. चित्र अडखळतंय म्हणजे ग्राफिक्स कार्ड जुनं झालं, असं धरून नवं कार्ड आणलं. ढग सुरेख दिसू लागले, अडखळणं तसंच राहिलं. फौजेत जवानांना टेहळणीचं महत्त्व शिकवण्यात उमर गेली आणि स्वतःच्या पेन्शनच्या पैशाला मात्र मी टेहळणी न करताच हात घातला.

तेव्हा आधी कामाची वाटणी समजून घेऊ. विमान कुठे आहे, वारा किती, आसपास कोण उडतंय, हा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग कार्डाला चित्र काढायला सांगतो. हुकूमच उशिरा पोचला तर कार्ड कितीही दमदार असो, ते वाट बघत बसतं.

दोष कोणाचा, हे ओळखायची सोपी कसोटी आहे. खेळाचं रिझोल्यूशन कमी करा. सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम्स चांगल्या वाढल्या तर कार्ड अपुरं पडत होतं. जवळजवळ तितक्याच राहिल्या तर संशय प्रोसेसरवर घ्या. मी करून पाहिलं. आधी २६, नंतर २७! या सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये अडथळा कुठे आहे तेही लिहून येतं. माझ्याकडे 'मेनथ्रेड' दिसत होतं, म्हणजे प्रोसेसरच.

इथे एक फसवी गोष्ट सांगतो. टास्क मॅनेजर माझा प्रोसेसर जेमतेम ४० टक्के कामात दाखवत होता. पण ती सरासरी असते. १६०० मध्ये ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत. त्यातला एकच थ्रेड पूर्ण थकला तरी एकूण आकड्यात तो ८ टक्केच दिसतो, आणि खेळ मात्र त्याच्यासाठी खोळंबतो.

पैसे काढण्याआधी फुकटचे उपाय करा. पंख्यांची धूळ झाडा, प्रोसेसरचं तापमान बघा, रॅमच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत आहेत का ते पाहा. माझी ३००० ची रॅम २१३३ वर चालत होती, कारण बायॉसमध्ये एक्सएमपी कधी चालूच केलं नव्हतं. ते केल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

आता निर्णय. सगळं नवं घ्यायचं तर नव्या एएम५ बोर्डाला डीडीआर५ रॅमही लागते. माझा बोर्ड एएम४ सॉकेटचा, आणि त्यात २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० बसतो. खर्च नव्या संचाच्या साधारण चौथाई. शिवाय विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाही, ५६०० आहे. मी ५६०० घेतला.

इंटेलवाल्यांनी मात्र जपून. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डाचं सॉकेट नावाने आठव्या पिढीसारखंच आहे, तरी आठवीचा प्रोसेसर त्यात अधिकृतपणे चालत नाही. बोर्डाच्या कंपनीची यादी पाहिल्याशिवाय खरेदी करू नका.

बसवताना दोन काळज्या घ्या. बायॉस आधी अद्ययावत करा, तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच आणि यूपीएस लावून. मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आणि एएम४ चा कूलर सरळ वर खेचू नका. संगणक थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. नाहीतर पेस्टला चिकटून प्रोसेसरही वर येतो आणि त्याच्या पिना वाकतात.

तुमच्या कसोटीत दोष कार्डाचा निघाला, किंवा ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेम्स आधीच स्थिर ६० असतील, तर प्रोसेसर बदलू नका.

माझ्याकडे मुंबईवर आता ४० च्या आसपास फ्रेम्स मिळतात. गेल्या रविवारी नातवाच्या मागोमाग नीट उतरलो. तो म्हणाला, "आबा, आज तुम्ही पडला नाहीत!"

पुढच्या भागात भेटू. तोवर ती रिझोल्यूशनची कसोटी तेवढी करून ठेवा.