सांगोला तोडायचा नाही

टेंभुर्णीच्या एसटी स्टँडवर माढ्याला, करमाळ्याला, अकलूजला असे पुकारे कानावर येतात. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावातून चहूकडे वाटा फुटतात. ‘माढ्याला’मधलं गाव माढा, हे आपल्याला न सांगता कळतं. यंत्राला ते शिकवावं लागतं. ओळीचे शब्द आणि प्रत्यय असे तुकडे पाडतो तो लेक्सर. त्या तुकड्यांचं आपसातलं नातं लावतो तो पार्सर.

आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या पुस्तकांतून अनेक विद्यार्थ्यांना हा विषय भेटला. सी भाषेत त्यासाठी १९७०च्या दशकापासून ‘लेक्स’ आणि ‘याक’ ही अवजारं आहेत. मला मात्र लिस्पची वाट जवळची वाटते. जॉन मॅकार्थींनी १९६० साली मांडलेल्या या भाषेत प्रोग्रॅम हीच कंसातली यादी असते. पुढे आलेल्या कॉमन लिस्पमध्ये तर प्रोग्रॅम वाचणारा लेक्सरही आपल्या हाती दिलेला आहे: कोणतं चिन्ह दिसलं की काय करायचं, याचा तक्ता आपण बदलू शकतो. हेन्री बेकर यांनी १९९१ मध्ये याच सोयीवर एक छोटा, देखणा पार्सर उभा केला. त्यात चौकोनी कंस म्हणजे ‘एकामागून एक’ आणि महिरपी कंस म्हणजे ‘यांपैकी एक’.

आता ‘माढ्याला’ घ्या. आपण तीन अक्षरं मोजतो. युनिकोडमध्ये ती आठ चिन्हं आहेत: म, काना, ढ, हलन्त, य, काना, ल, काना. ही चिन्हं लिस्पच्या यादीत ठेवायची. ती यादी डोक्याकडून सोलायची असते आणि मराठीचा प्रत्यय असतो शेपटाला. म्हणून शब्द आधी उलटा करायचा. मग पहिल्याच घासाला ‘ला’ हाती येतो. उरलेल्या ‘माढ्या’चा ‘ढ्या’ पुन्हा ‘ढा’ केला की गाव सापडतं. ‘पंढरपुरात’साठी नियम वेगळा, तिथे ऱ्हस्व झालेला उकार परत दीर्घ करावा लागतो. सामान्यरूपाचे हे नियम शाळेत रुक्ष वाटले होते. इथे त्यांच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही.

आणि मग येतं सांगोला हे गाव. ‘ला’ दिसला की तोडा, एवढंच शिकलेला लेक्सर त्याचं ‘सांगो’ करतो. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी अख्खा शब्द गावांच्या यादीत शोधायचा, नसेल तरच सोलायचा. ‘टेंभुर्णीहून सांगोल्याला’ म्हणा किंवा ‘सांगोल्याला टेंभुर्णीहून’, प्रत्यय सुटे झाल्यावर पार्सरच्या हाती नात्यांचं एकच झाड येतं:

(जाणे (कुठून टेंभुर्णी) (कुठे सांगोला))

हे झाड लिस्पला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. ती तिचीच यादी आहे.