नाडीचे ठोके आणि शास्त्रीय पद्धति

शास्त्रीय पद्धति म्हणजे काय, असा प्रश्न सातवीच्या वर्गांत विचारला तर उत्तर तात्काळ मिळतें. निरीक्षण, तर्क, प्रयोग व अनुमान हे चार शब्द मुलांस तोंडपाठ असतात. परंतु पोहण्याचे नियम पाठ केल्यानें ज्याप्रमाणें कोणास पोहतां येत नाहीं, त्याचप्रमाणें हे चार शब्द पाठ असल्यानें कोणाची दृष्टि शास्त्रीय होत नाहीं. त्यासाठीं हाताला काम पाहिजे व मनाला खराखुरा प्रश्न पाहिजे. मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. प्रत्येक मूल आपली प्रयोगशाळा बरोबर घेऊनच शाळेंत येतें. ती म्हणजे त्याचें स्वतःचें शरीर होय.

ह्या पद्धतीचें उत्तम उदाहरण रक्ताभिसरणाच्या शोधांत सांपडतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत गॅलेन नांवाचा थोर वैद्य होऊन गेला. खाल्लेल्या अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, तें नीलांतून शरीरभर जातें आणि तेथेंच खर्ची पडतें, असें त्यानें शिकविलें. त्याचा अधिकार एवढा मोठा होता कीं, युरोपांतील वैद्य सुमारें चौदाशें वर्षें हेंच मत प्रमाण मानीत आले.

विल्यम हार्वे हा १५७८ सालीं इंग्लंडांत जन्मला. इटलींतील पादुआ येथें त्यानें वैद्यकाचें अध्ययन केलें. तेथील त्याचे गुरु फॅब्रिशियस ह्यांनीं नीलांच्या आंत लहान लहान झडपा असल्याचें दाखविलें होतें. पण त्या कशासाठीं आहेत ह्याचा उलगडा त्यांस झाला नव्हता. हार्वेनें अगदीं साधा प्रश्न विचारला: एका ठोक्यासरशी हृदयांतून रक्त किती बाहेर पडतें? त्यानें प्रमाण मुद्दाम थोडें, म्हणजे अर्धा औंस, धरलें. अर्ध्या तासांत हृदयाचे ठोके हजारावर पडतात. म्हणजे रक्त झालें पांचशें औंस, सुमारें १४-१५ किलोग्रॅम! एवढें रक्त सबंध शरीरांतहि नसतें. मग अर्ध्या तासांत तें अन्नापासून नवें कोठून तयार होणार? अर्थात् तेंच रक्त पुन्हां पुन्हां फिरत असलें पाहिजे.

परंतु केवळ हिशेबावर हार्वे थांबला नाहीं. दंडास पट्टी बांधली म्हणजे हातावरील नीला फुगतात. अशा एका नीलेवर त्यानें एक बोट दाबून धरलें आणि दुसऱ्या बोटानें तींतील रक्त दंडाच्या दिशेनें पुढच्या झडपेपलीकडे सारलें. मधला भाग रिकामा झाला व रिकामाच राहिला. वरचें रक्त खालीं उतरेना. खालचें बोट उचलतांच नीला पुन्हां भरली. ह्यावरून नीलांतील रक्त हृदयाकडेच जातें, आणि झडपा त्यास मागें फिरूं देत नाहींत, हें सिद्ध झालें. १६२८ सालीं हार्वेचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुष्कळ वैद्यांनीं त्याला विरोध केला. शिवाय एक दुवाहि अपुरा होता: धमन्यांतील रक्त नीलांत कोठून जातें, हें हार्वेला दिसलें नव्हतें. १६५७ सालीं तो वारला आणि १६६१ सालीं माल्पिगी ह्या इटालियन शास्त्रज्ञानें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें केशवाहिन्या पाहिल्या. दुवा जुळला.

आतां आपण वर्गांत येऊं. मनगटाच्या आंगठ्याकडील बाजूस दोन बोटांनीं हलकेंच दाबलें असतां नाडी लागते. आंगठ्यानें ती पाहूं नये, कारण आंगठ्याचे स्वतःचे ठोके मोजणाऱ्याचा घोटाळा करितात. पहिल्या दिवशीं मुलें शांत बसून एक मिनिट ठोके मोजतात. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटास सुमारें ७२ असतात असें त्यांनीं वाचलेलें असतें. त्यामुळें वहींत ७२ हा आंकडा फार वेळां उमटतो! वास्तविक मुलांची नाडी मोठ्यांपेक्षां बहुधा जलद असते, व ती प्रत्येकाची निराळी असते. ज्यानें ८८ मोजून ८८ लिहिले तो बावरतो, आणि ज्यानें न मोजतां ७२ लिहिले तो निर्धास्त असतो. शास्त्राच्या शिक्षणाची खरी सुरुवात येथेंच होते.

पुढें प्रश्न घ्यावा: रोज खेळणाऱ्या मुलाची नाडी श्रमानंतर लवकर पूर्ववत् होते काय? होत असावी, हा झाला तर्क. तो पडताळावयाचा तर इतर सर्व गोष्टी सारख्या ठेविल्या पाहिजेत. तोच जिना, तितक्याच खेपा, तीच वेळ. पंधरा सेकंद मोजून चारांनीं गुणलें तर एका ठोक्याची चूक चारांची होते, हेंहि ध्यानांत ठेवावें. म्हणून तीन दिवस मोजून पाहावें. ज्यांची प्रकृति ठीक नाहीं त्यांनीं जिना चढूं नये. घड्याळ धरणें व आंकडे लिहिणें हें काम त्यांजकडे द्यावें. तें काम कमी महत्त्वाचें नाहीं.

कधीं असें होतें कीं, कबड्डींत अग्रेसर असलेला मुलगा मागें पडतो आणि सदा पुस्तकांत रमणारी मुलगी आधीं पूर्वस्थितीस येते. लगेच सूचना येते, “सर, हा आंकडा गाळूं या.” तो गाळावयाचा नाहीं. त्याच्यापुढें नवे प्रश्न लिहावयाचे: रात्रीं झोप पुरी झाली होती काय? नुकताच ताप येऊन गेला काय? पहिले ठोके मोजण्यापूर्वीं तो धांवत वर्गांत आला होता काय? इतकेंहि करून आंकडा तसाच राहिला तर तर्कास मुरड घालावी, आंकड्यास नव्हे. पवित्र शास्त्रांत खोट्या तराजूचा निषेध केला आहे. आमच्या मतें खोटा आंकडा त्याच जातीचा होय. आणि तीस मुलांवरून साऱ्या जगाविषयीं निर्णयहि देऊं नये.

परीक्षा जवळ असतां जिने चढण्या-उतरण्यांत तास कां घालवितां, अशी पृच्छा कित्येक पालक करितात. ती रास्त आहे. म्हणून तिचें उत्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. अमुक काढा घेतल्यानें अमक्याचा असाध्य रोग बरा झाला, अशा वार्ता आज घरोघर भ्रमणध्वनीवरून येतात. किती जणांनीं तो काढा घेतला? न घेतां किती बरे झाले? कोणी मोजलें, व कसें? हे प्रश्न ज्यास सुचत नाहींत, त्याच्या घरीं योग्य उपचारास विलंब होतो, आणि त्याची किंमत कधीं कधीं जिवानें द्यावी लागते. नाडी मोजतांना लागलेली संवय अशा वेळीं उपयोगीं पडते.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें घरीं “कशावरून?” असें नम्रपणें विचारलें तर तो उद्धटपणा समजूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, येत्या सुट्टींत आजी-आजोबांपासून धाकट्या भावंडापर्यंत घरांतील सर्वांची नाडी, तीं शांत बसलीं असतां, सकाळीं व सायंकाळीं सात दिवस मोजा. स्तोत्रकर्त्यानें आपल्या देहाच्या अद्भुत रचनेबद्दल देवाचे उपकार मानले आहेत. ती रचना तुमच्याच बोटांखालीं चालली आहे. वहींत काय यावयास पाहिजे ह्याचा विचार न करितां जें मोजाल तेंच लिहा, आणि शाळा उघडेल त्या दिवशीं ती वही घेऊन या.