गोडेतेलाची ओळखपरेड

आमच्या लहानपणी डोक्याला खोबरेल, पोटाला एरंडेल, स्टोव्हला रॉकेल आणि फोडणीला गोडेतेल, एवढ्यावर आईचा संसार चालला. गोडेतेल म्हणजे शेंगदाण्याचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. विलेपार्ल्यात पूर्वेला, स्टेशनपासून चार पावलांवर एका वाण्याचं दुकान होतं. दुकानाच्या तोंडाशी पत्र्याचा १५ किलोचा डबा आणि त्यात उभा केलेला हातपंप. माझ्या हातात अल्युमिनियमची किटली. तेल भरून झालं की वाणी बोटांना लागलेलं तेल स्वतःच्या केसांना पुसायचा आणि म्हणायचा, "आईला सांग, कालच डबा फोडलाय." घरी आई पहिल्या घाण्याची भजी सोडायची. कढईत फेस वर आला की निकाल लागायचा, "सरकी घातलीय मेल्यानं." तेलाची सगळी तपासणी वाण्याच्या त्या वाक्यात आणि आईच्या या वाक्यात संपायची.

सरकारी व्यवस्था नव्हती असं नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा. कृषिमालाची प्रतवारी करून त्यावर ॲगमार्कचा शिक्का मारण्याचा कायदा तर १९३७चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. पण या साऱ्या व्यवस्थेनं इतक्या वर्षांत गोडेतेलाची ओळख कशी पटवली, हे मागे वळून पाहताना मला सर्वांत आधी आठवतं ते गोडेतेल नव्हे, वनस्पती तूप.

त्याची गंमत अशी. १९३०च्या दशकात शिवडीच्या कारखान्यातून वनस्पती तूप बाहेर पडू लागलं आणि साजूक तुपात ते बेमालूम मिसळू लागलं. त्याला रंग द्या, म्हणजे भेसळ डोळ्यांना दिसेल, अशी मागणी पुढे अनेक वर्षं होत राहिली. टिकेल, खपेल आणि काढून टाकता येणार नाही असा रंग काही सापडला नाही. मग वेगळी युक्ती निघाली. प्रत्येक वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायचं, असा नियम झाला. तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याबरोबर हलवलं की लाल रंग उमटतो. हीच बोदूँ चाचणी. साजूक तुपाचा नमुना लाल झाला की त्यात वनस्पती आहे, बोलणंच खुंटलं. माल कारखान्यातून निघतानाच त्याच्या अंगावर न पुसणारी खूण गोंदवून ठेवायची, अशी ही कल्पना. मला विचाराल तर खाद्यतेलाच्या बाबतीत आपल्या सरकारला सुचलेली ही सर्वांत हुशार गोष्ट. फक्त ती तुपाच्या रक्षणासाठी सुचली. ज्यांच्या पानात तूप कधी पडतच नव्हतं, त्यांच्या गोडेतेलाला अशी कुठलीच खूण मिळाली नाही. शिवाय तुपात वनस्पतीऐवजी दुसरंच काही घातलं, तर चाचणी बिचारी पांढरीच राहणार. १९८३ साली आयात केलेल्या गुरांच्या चरबीचं प्रकरण देशभर पेटलं, तेव्हा ती चरबी वनस्पतीतच मिसळल्याचा आरोप होता. पहारेकरी ज्या दाराशी बसवला होता, चोर त्या दारानं आलाच नव्हता.

सत्तरच्या दशकात प्रश्न शुद्धतेचा उरलाच नव्हता. तेल मिळतं का, हाच प्रश्न होता. १९७२च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या बायकांनी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मोर्चे काढले. त्यात पार्ल्या-गोरेगावच्या कितीतरी आया होत्या. मग रेशनवर पामतेल आलं. डिसेंबरातल्या एखाद्या थंड सकाळी ते डब्यात गोठायचं. आई डबा उन्हात ठेवायची आणि शेजारणीला हळूच सांगायची, "मेणबत्तीचं तेल आहे हो." बिचाऱ्या पामतेलाची त्यात काही चूक नव्हती, गोठणं हा त्याचा स्वभावच. पण उन्हातला तो डबा पाहून माझ्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली. पामतेल मिसळलेलं तेल थंडीत आपली ओळख आपणच देतं. आजही नवी बाटली आणली की मी आधी एक वाटी फ्रिजमध्ये ठेवतो. बायको हसते. अर्थात त्या वाटीवर विसंबून चालत नाही, कारण शेंगदाण्याचं खरं तेलही पुरेशा थंडीत गढुळतं.

याच काळात पार्ल्याच्या आसपास एक वेगळा प्रयोग उभा राहिला. बिंदुमाधव जोशींच्या प्रेरणेनं सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीची मुंबईतली शाखा १९७५ साली उभी राहिली. संगीतकार सुधीर फडके या कामात होते. आज मुंबई ग्राहक पंचायतीचं ग्राहक भवन पार्ल्यात पश्चिमेला, कूपर रुग्णालयाच्या मागे आहे. कल्पना अगदी साधी. काही घरांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी भरायची, माल एकत्र खरेदी व्हायचा आणि संघातल्या घरांनीच तो वाटून घ्यायचा. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली वजनकाटा मांडून बायका डाळ-तांदूळ मोजत आहेत, हे दृश्य मला अजून दिसतं. मालात खोट निघाली तर एकट्या काकूंनी वाण्याशी वाद घालायचा नाही, अख्खा संघ बोलणार. प्रयोगशाळा नव्हती, इन्स्पेक्टर नव्हता, पण गिऱ्हाईक एकटं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या वर्षांतली आमच्या तेलाची सर्वांत भरवशाची तपासणी त्या जिन्याखालीच होत होती.

सरकारी तपासणी कशी चालायची, हे मला बरंच पुढे एका नात्यातल्या वकिलामुळे कळलं. अन्न निरीक्षक दुकानात यायचा, पंचांसमोर नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करून लाखेनं सील करायचा. एक भाग सार्वजनिक विश्लेषकाकडे जायचा, दोन राखून ठेवायचे. विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध गेला तर आरोपी दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत पाठवायला सांगू शकायचा आणि तिचा निकाल अंतिम. कागदावर हे न्याय्यच आहे. पण दोन अहवालांच्या मध्ये महिने जायचे, आणि तेल म्हणजे काही लोखंड नव्हे, ते बाटलीतही बदलतं. १९६४च्या दुरुस्तीनं किमान सहा महिन्यांची कैद घातली. शिक्षा कडक म्हटल्यावर न्यायालयं प्रक्रियेच्या बारीक चुकाही गांभीर्यानं पाहू लागली. सील नीट नाही, पंच फिरला, बाटली कोरडी होती की नाही याची नोंद नाही. वर दुकानदाराकडे लेखी हमीचं हत्यार. माल सीलबंद घेतला, तसाच विकला, बिल हे घ्या. मग तो सुटला आणि शोध उत्पादकाकडे वळला. वकीलसाहेब म्हणायचे, "तेल खरं की खोटं हा प्रश्न खटल्यात फार थोडा वेळ असतो."

आणि त्या थोड्या वेळात तरी तेलाला विचारतात काय? इथे जरा थांबायला हवं. कायद्यानं शेंगदाणा तेलासाठी आकडे ठरवून दिले आहेत. त्यातला एक म्हणजे आयोडीन व्हॅल्यू: १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेतं. शेंगदाण्यासाठी ती ८५ ते ९९ असावी लागते. पामोलीनची, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाची, ५४ ते ६२. सोयाबीनची १२० ते १४१. आता अर्धं पामोलीन आणि अर्धं सोयाबीन घ्या. सरासरी काढायला चौथीतला मुलगाही पुरे. उत्तर येतं ९४ च्या आसपास, म्हणजे शेंगदाण्याच्या आकड्यात अगदी आरामात, आणि आत शेंगदाण्याचा एक थेंब नाही. शेंगदाण्यासाठी बेलिअर नावाची आणखी एक कसोटी आहे. तेलाचं साबणात रूपांतर करून, आम्ल घालून ते थंड करत जायचं आणि कुठल्या तापमानाला गढुळतं ते पाहायचं. ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान गढुळलं पाहिजे. वरची जोडी तिथे अडकू शकते. पण भेसळ करणाराही हे जाणतो. त्यानं डब्यात बरंचसं खरं तेल ठेवलं आणि उरलेल्या जागेत ही जोडी बेतानं भरली, की आकडे निमूट आपापल्या जागी बसतात. गॅस क्रोमॅटोग्राफीनं तेलातली मेदाम्लं एकेक वेगळी करून पाहता येतात आणि तिथे लपणं अवघड होतं. मात्र तिथपर्यंत पोहोचणारे नमुने किती आणि दुकानांतून रोज विकले जाणारे डबे किती, याचं उत्तर पार्ल्याच्या बाजारातून एक फेरी मारली तरी मिळेल.

सरकार खडबडून जागं होतं ते माणसं मेल्यावर. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल मिसळल्यामुळे जलशोथाची साथ आली, साठहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी खाद्यतेल पॅकिंगचा आदेश निघाला आणि सुटं तेल विकणं बंद झालं. म्हणजे कागदावर. आमच्या वाण्याच्या डब्यावरचा पंप मात्र पुढेही चालूच होता, फक्त तो तोंडावरून आतल्या खोलीत गेला. ऑगस्ट २०२२मध्येही अन्नसुरक्षा प्राधिकरणाला सुट्या तेलाविरुद्ध पंधरवड्याची खास मोहीम काढावी लागली, यातच काय ते आलं. ग्राहकांसाठी काम करणारी, १९६६ सालापासूनची मुंबईतली कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया. तिनं गेल्या दशकात सुट्या तेलाचे २९१ नमुने तपासून घेतले. सुमारे ६४ टक्के भेसळीचे निघाले.

नवा अन्नसुरक्षा कायदा २००६चा, अंमल ५ ऑगस्ट २०११पासून. अहवालाला चौदा दिवसांची मुदत आली, प्रयोगशाळा वाढल्या. पण या कायद्यानं एक गोष्ट फार सोयीची करून ठेवली आहे. अन्न असुरक्षित असेल तर तुरुंग. नुसतं ठरलेल्या आकड्यांत बसत नसेल तर ते 'कमी प्रतीचं', आणि त्याला दंड, जास्तीत जास्त पाच लाख. शेंगदाण्याच्या नावाखाली पामोलीन विकलं तर कुणी मरत नाही. म्हणजे फसवणूक झाली तरी ती प्रतीची बाब ठरते आणि दंड भरून मोकळं होता येतं. प्राधिकरणानं ऑगस्ट २०२०मध्ये देशभरातून तेलाचे ४,४६१ नमुने उचलले. सुरक्षेच्या कसोटीवर जेमतेम अडीच टक्के नापास झाले, गुणवत्तेच्या कसोटीवर सुमारे २४ टक्के. पहिल्या आकड्यानं समाधान मानायचं की दुसऱ्यानं चिडायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी चिडतो.

मापाचीही एक कथा सांगून टाकतो. एक लिटरच्या पिशवीवर काही कंपन्या वजनाबरोबर तापमानही छापत होत्या, काही तर थेट ६० अंश. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९३च्या आत. पार्ल्यात ६० अंश तापमान कधी झालं, हे हवामान खात्यालाही ठाऊक नसावं. २०२२ साली ग्राहक व्यवहार विभागानं हा खेळ थांबवायला सांगितलं.

आता इर्ल्याच्या दुकानांत काचेच्या हिरव्या बाटल्या उभ्या असतात. आमच्या लहानपणी ऑलिव्हचं तेल केमिस्टकडे मिळायचं, बाळाच्या मालिशीसाठी, छोट्या डब्यात. आता ते सॅलडवर पडतं आणि भज्यांच्या कढईतही जातं. कढईत जातं ते बहुधा पोमेस. फळ गाळून उरलेल्या चोथ्यातून द्रावकानं काढलेलं, शुद्ध केलेलं आणि चवीपुरतं चांगलं तेल मिसळलेलं. त्यात बेकायदा काही नाही, लेबलवर लिहिलेलं असतं, फक्त 'ऑलिव्ह' मोठ्या अक्षरांत आणि 'पोमेस' लहान. खऱ्या एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते, आणि त्यापलीकडे वास-चवीची परीक्षा करणारं तज्ज्ञांचं मंडळ लागतं. आकडे पार करूनही या मंडळापुढे तेल कोसळतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रानं २०१०मध्ये दाखवलं. तिथल्या दुकानांतली आयात केलेली एक्स्ट्रा व्हर्जिन तेलं तपासली तर ६९ टक्के नमुने चव-वासाच्या कसोटीवर नापास. त्याहून भयंकर प्रसंग स्पेनचा. १९८१मध्ये कारखान्यांसाठी ॲनिलिन मिसळून खाण्यास अयोग्य केलेलं रेपसीड तेल ऑलिव्ह तेल म्हणून फेरीवाल्यांनी विकलं. सुमारे वीस हजार लोक आजारी पडले, शेकडो गेले. ऑलिव्हच्या माहेरीच ही तऱ्हा, तर पार्ल्यातल्या हिरव्या बाटलीनं काय शपथ घ्यायची?

आपल्याकडे या सगळ्याला उतारा म्हणून लाकडी घाणा परत आला आहे. दुकानातच घाणा फिरतो, समोर शेंगदाणे पडतात, समोर तेल गळतं. भाव ऐकून आई उठून बसली असती. 'डबल रिफाइंड', 'कोलेस्टेरॉलशी लढणारं' असले शब्द तेलाच्या लेबलवर छापायला बंदी आहे. 'समोर काढून दिलं' हा शब्द कुठल्याच नियमात नाही, आणि लोक पैसे मोजतात ते त्यासाठीच. मात्र संध्याकाळी उरलेल्या बाटल्यांत काय भरलं जातं, हे पाहायला तिथे कोणी उभं नसतं.

कायद्यात आपल्यासाठी एक दार ठेवलेलं आहे, ते बहुतेकांना ठाऊक नसतं. १९५४च्या कायद्यात ते होतं, २००६च्या कायद्याच्या ४०व्या कलमातही आहे. कुणीही साधं गिऱ्हाईक विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतं, आणि माल खोटा निघाला तर फी परत मिळते. अट एकच: विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की, हे मी तपासायला नेणार आहे. मी पार्ल्यात आजवर कुठल्याही दुकानदाराला तसं सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी सांगितलं असेल, तर त्यानं काय उत्तर दिलं ते जरूर कळवा.