आधी पूर्वपक्ष, मग ईश्वर

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. नवस बोलायचा, नवस फेडायचा, हे आपल्या ओळखीचंच. त्यामुळे ख्रिस्ती धर्म म्हणजे भाव आणि सेवा, तर्क लढवावा तो आपल्या नैयायिकांनी, अशी समजूत शास्त्री-पंडितांच्या या गावात सहज रुजते. त्याला 'मध्ययुगीन' हा शब्द जोडला की अंधश्रद्धेचं चित्र पुरं होतं.

ते चित्र चुकीचं आहे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकाचा 'सुम्मा थिओलॉजिए' उघडून पाहा. 512 प्रश्नांच्या या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात प्रत्येक मुद्द्याची सुरुवात विरोधकाच्या म्हणण्यानं होते. आपल्या शास्त्रग्रंथांत याला पूर्वपक्ष म्हणतात. 'ईश्वर आहे का?' हा सवाल दुसऱ्याच प्रश्नात येतो आणि तिथेही आधी मांडलंय ते नास्तिकाचं म्हणणं. ईश्वर अनंत चांगला असेल तर जगात वाईट का? आणि निसर्ग व माणसाची बुद्धी यांनीच सगळ्याचा उलगडा होत असेल, तर ईश्वर हवाच कशाला? आजही यापेक्षा वजनदार आक्षेप फारसे ऐकू येत नाहीत. त्यानंतरच अक्वायनस ईश्वर सिद्ध करण्याचे आपले प्रसिद्ध पाच मार्ग सांगतो, तेही दीड-दोन पानांत.

दुसरा गैरसमज जास्त पसरलेला आहे. 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं, म्हणून जगाला ईश्वर हे कारण' असं अक्वायनस म्हणतो, असं समजून लोक लगेच विचारतात, मग ईश्वराला कोणी घडवलं? पण प्रत्येक गोष्टीला कारण असतं, असं तो म्हणतच नाही. जे बदलतं, जे दुसऱ्यावर अवलंबून असतं, त्याला कारण लागतं, एवढंच त्याचं म्हणणं. शिवाय 'पहिलं कारण' म्हणजे फार पूर्वी कधीतरी घडलेली घटना नव्हे. जगाला आरंभ होता हे तो श्रद्धेनं मानत होता, पण ते तर्कानं सिद्ध करता येत नाही, असंही त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं.

मग पहिलं कशाच्या अर्थानं? पंचवटीतल्या एखाद्या घरातला नळ घ्या. नळाला पाणी जलकुंभातून, जलकुंभाला शुद्धीकरण केंद्रातून, तिथे गंगापूर धरणातून. मधे कितीही पाइप जोडले तरी धरणात पाणी नसेल तर नळ कोरडाच. ही साखळी आत्ता, या क्षणी उभी आहे. आजोबा, वडील, मुलगा ही साखळी वेगळी, कारण आजोबा गेले तरी नातू जगतो. अक्वायनसला पहिल्या प्रकारची साखळी अभिप्रेत आहे. धरणही पावसावर अवलंबून असतं, म्हणून हा दाखला इथवरच चालतो. अक्वायनस शोधतो ते कशावरच अवलंबून नसलेलं कारण.

हा विचार एकट्या ख्रिस्ती लोकांचा होता, असंही नाही. अक्वायनसनं इब्न सीना हा मुस्लिम आणि मायमोनिडीस हा यहुदी, दोघांचंही लेखन मन लावून वाचलं होतं. त्याच्या आधी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता हवा, असं प्रतिपादन केलं होतं. फरक मात्र मोठा आहे. उदयनांचा ईश्वर कुंभारासारखा, आधीपासून असलेल्या नित्य परमाणूंची रचना करणारा. अक्वायनसचा ईश्वर परमाणूंनाही अस्तित्व देणारा.

ही परंपरा परदेशात राहून गेलेली नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1879 साली अक्वायनसच्या अभ्यासाचा आग्रह धरला आणि 1893 साली श्रीलंकेतल्या कँडीला पाद्री घडवणारं गुरुविद्यालय काढलं. तेच 1955 साली पुण्यात आलं.

राहता राहिली 'सगळे पाद्री माना डोलवत होते' ही समजूत. सुमारे 1078 साली अ‍ॅन्सेल्म या मठवासीयानं 'प्रोस्लोगिऑन'मध्ये मांडलं की, ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही ते केवळ मनात असू शकत नाही, ते प्रत्यक्षातही असलंच पाहिजे. मला स्वतःला हे पटत नाही. अक्वायनसलाही पटलं नव्हतं. त्याच्या कितीतरी आधी, अ‍ॅन्सेल्मच्या हयातीतच, गोनिलो या दुसऱ्या मठवासीयानं विचारलं होतं की, सर्वांत सुंदर बेटाची कल्पना केली म्हणून असं बेट समुद्रात असेल का? अ‍ॅन्सेल्मनं त्याला उत्तर दिलं, आणि यापुढे आपल्या ग्रंथाची नक्कल करताना गोनिलोचा आक्षेपही सोबत उतरवावा, असं सांगितलं. आजही 'प्रोस्लोगिऑन' बहुतेक वेळा त्या आक्षेपासकटच छापला जातो.