साखळी करवतीचा काप तिरपा का जातो?

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आंबा, फणस व माड यांची असंख्य झाडे उन्मळून पडली. अशी झाडे दूर करण्यास, तसेच जुन्या हापूस कलमांच्या पुनरुज्जीवनासाठी फांद्या कापण्यास पेट्रोलवर चालणारी साखळी करवत फार उपयोगी पडते. परंतु पुष्कळदा तिचा काप सरळ न उतरता एका अंगास वळतो. अशा वेळी जोर लावल्यास पाते लाकडात अडकते, फळी वाया जाते व करवत उसळून चालकास इजा होण्याचा संभव असतो.

कारणे

साखळीवर डाव्या व उजव्या अंगाचे दात आळीपाळीने बसविलेले असतात. एका अंगाचे दात बोथट किंवा आखूड झाले, की काप धारदार व लांब दातांच्या अंगाकडे ओढला जातो. एखादा खिळा वा दगड एकाच अंगास लागला, अथवा कानस मारताना एका हाताचा जोर अधिक पडला, तर हा दोष उद्भवतो. किनाऱ्यावरील माडांच्या सालीत वाळू असल्याने तेथे धार लवकर जाते.

प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. दात किती खोल शिरावा हे तो ठरवितो. दोन्ही अंगांचे उंचवटे कमीअधिक झाले तरी काप वळतो.

तिसरे कारण पात्याचे. पात्याची एक कड झिजून खाली गेली किंवा खाच रुंद झाली, म्हणजे साखळी कलते.

दोष कसा ओळखावा?

प्रथम इंजिन बंद करून स्पार्क प्लगची तार काढावी व हातमोजे घालावेत. मग पाते उलटे करून बसवावे, साखळी योग्य ताणावी, तार पुन्हा जोडावी आणि बाजूच्या ओंडक्यावर काप घ्यावा. काप सुधारला किंवा वळण बदलले तर दोष पात्यात आहे. वळण पूर्वीप्रमाणेच राहिले तर दोष साखळीत आहे असे समजावे. ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला, तर दात बोथट झाले आहेत.

उपाय

सर्वांत आखूड दात शोधून बाकीचे दात त्याच्या लांबीस आणावेत. साखळीच्या मापानुसार ४ ते ५.५ मि.मी. व्यासाची गोल कानस घ्यावी व ती आतून बाहेर, एकाच दिशेने चालवावी. बहुतेक साखळ्यांस ३० अंशांचा कोन लागतो. तथापि यंत्राच्या पुस्तिकेतील कोनच प्रमाण मानावा. प्रत्येक दातास सारखेच हात द्यावेत. नंतर मापपट्टी ठेवून उंचवटे चपट्या कानशीने सारखे करावेत. सामान्यतः ते दाताच्या टोकापेक्षा सुमारे ०.६५ मि.मी. खाली असतात. ते अधिक घासल्यास करवत उसळते.

पात्याच्या दोन्ही कडा गुण्या लावून पाहाव्यात व चपट्या कानशीने समपातळीत आणाव्यात. खाच रुंद झाली असल्यास पाते बदलणेच हितावह होय. पात्यावर तेल पोहोचविणारे छिद्र साफ ठेवावे आणि पाते वेळोवेळी उलटे करावे, म्हणजे झीज सारखी होते.

कलमाची फांदी कापल्यावर कापावर बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी यांपासून ते तयार होते. काप सरळ व गुळगुळीत असला, तर मलम नीट बसते व पाणी साचत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागायतदारांस कानस मारण्याचे प्रात्यक्षिक हंगामापूर्वीच करून दाखवावे.