बालगंधर्व पडद्यावर का रमले नाहीत?

आपल्या सभासदांत नाट्यपदांचे दर्दी पुष्कळ, म्हणून हे थोडक्यात. ‘स्वयंवर’च्या (१९१६) चाली बांधणारे भास्करबुवा बखले यांना उस्ताद फैज महंमद खाँ यांची तालीम मिळाली ती आपल्या बडोद्यातच. त्या पदांना बालगंधर्वांना ‘वन्स मोअर’ मिळे आणि दर वेळी पद नव्याने फुले.

कर्जापायी ते ‘प्रभात’कडे वळले. ‘धर्मात्मा’त (१९३५) संत एकनाथ झाले. पण गाण्याची लांबी आधीच ठरलेली, समोर प्रेक्षक नाहीत, अंगावर शालूही नाही! ‘साध्वी मीराबाई’त (१९३७) स्त्रीवेश होता, तरी चित्र चालले नाही. गोविंदराव टेंबे मात्र ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) हरिश्चंद्र म्हणून शोभले, पेटीवाल्याला टाळ्यांची सवय कमी असावी, असे आम्हाला वाटते. बालगंधर्व रंगभूमीवर परतले आणि पन्नाशी उलटल्यावरही नायिका रंगवत राहिले.