पंचवीसच्या आतली गाडी

लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको. बॅटरीवरच्या छोट्या स्कूटरच्या दुकानात हे तीन नकार हमखास ऐकायला मिळतात, आणि ते खोटे नसतात. मात्र ते कशाच्या जोरावर उभे आहेत, हे दुकानदार सहसा सांगत बसत नाही. गिऱ्हाइकाची समजूत होते, की ताशी २५ किलोमीटर ही रस्त्यावरची वेगमर्यादा आहे. तेवढी पाळली की झालं. खरं तर हा आकडा चालवणाऱ्यासाठी नाहीच, गाडीसाठी आहे. तुम्ही ती कितीने चालवता याला इथे महत्त्व नाही. ती कितीने पळू शकते, त्यावर ती कायद्याच्या लेखी मोटार वाहन आहे की नाही ते ठरतं.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातली मोटार वाहनाची व्याख्या इंजिनाच्या काळातली आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल, तर ते मोटार वाहन नाही, असं ती म्हणते. विजेच्या मोटरला सीसीच नसतात, तेव्हा हे माप तिला लावायचं कसं? म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत बॅटरीवरच्या वाहनाची वेगळी व्याख्या घातली गेली. मोटरची ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोच्या वर नको. ब्रेक नीट हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पायडल मारायच्या ई-सायकलला आणखी एक अट आहे: वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत जाऊन २५ ला बंद पडली पाहिजे, आणि पायडल मारणं थांबवलं तर त्याआधीच.

अटी पुऱ्या झाल्याचं दुकानदाराने किंवा कंपनीने सांगून भागत नाही. सरकारमान्य चाचणी संस्थेने मॉडेल तपासून तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही त्यातली एक, हरियाणात मानेसरची आयकॅट ही दुसरी. हे प्रमाणपत्र नसेल तर गाडी कितीही हळू चालो, सवलत मिळत नाही. परदेशातून मागवलेली, उभं राहून चालवायची स्कूटर बहुतेकदा इथेच अडकते.

ताकदीच्या अटीत एक बारकावा आहे. नियमातले २५० वॉट ही ‘तीस मिनिटांची ताकद’ आहे, म्हणजे मोटर सलग अर्धा तास जेवढी ताकद देऊ शकते तेवढी. क्षणभर ती याच्या वर जाऊ शकते. हे सोडलं नसतं तर चढावर पंचाईत झाली असती. माणूस आणि गाडी मिळून दीडशे किलो धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर २५० वॉटमध्ये ही जोडी ताशी जेमतेम दहाने जाईल. तेवढ्या वेगाने सायकलवालाही मागे टाकून जातो. सपाट डांबरी रस्त्यावर मात्र तेवढ्याच वॉटमध्ये ताशी २५ चा वेग निघतो. दोन आकडे एकमेकांना किती नेमके बसतात ते इथे दिसतं. वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट पुरत नाही, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० साठी बाराशे वॉटच्या आसपास लागतात.

थांबण्याचं गणितही असंच. ताशी २५ ने गाडी सेकंदाला सात मीटर जाते. समोर कुणी आडवं आलं, तर ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंतचा एक सेकंद आणि मग चांगल्या ब्रेकने थांबायला लागणारं अंतर मिळून बारा मीटर होतात. ताशी ५० ला हेच अंतर तेहतीस मीटरच्या घरात जातं, तेही ब्रेक तितके चांगले असतील तर. पंचवीससाठी बनवलेल्या गाडीचे टायर, सस्पेन्शन आणि ब्रेक पन्नाससाठी तपासलेलेच नसतात. त्यामुळे अशा गाडीचा वेग वाढवून घेण्याचा प्रकार नुसता कागदोपत्री गुन्हा उरत नाही.

गाडीचा वेग अडवतो तो कंट्रोलर. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसलेली ही डबी किती करंट सोडायचा ते ठरवते. कारखान्यातून निघताना तिला मर्यादा घातलेली असते. कुठे ती सॉफ्टवेअरमध्ये असते, कुठे एका साध्या वायरच्या जोडणीत. ती वायर काढली किंवा सेटिंग बदललं, की तीच गाडी ताशी ४० ते ५० पर्यंत जाऊ लागते, अर्थात मोटरमध्ये तेवढा दम मुळातच ठेवलेला असेल तर. ‘लॉक काढून देतो’ असं दुकानात हळूच सांगितलं जातं ते हेच. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अशा बदललेल्या गाड्यांविरुद्ध तपासणी मोहीम काढली होती.

लॉक निघालं त्या क्षणी गाडीची सवलत संपते आणि ती मोटार वाहन होते. पासिंग नसलेलं, विमा नसलेलं, आणि चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर तेही नसलेलं मोटार वाहन. ‘मी तर वीसनेच चाललो होतो’ हा बचाव चालत नाही. लायसनशिवाय चालवण्याला कायद्यात पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. नोंदणी नसल्याबद्दल पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत, विमा नसल्याबद्दल दोन हजार. गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार. बदललेली गाडी विकणाऱ्या डीलरला दर गाडीमागे एक लाख रुपये दंड होऊ शकतो, म्हणून तो पावतीवर त्याचा उल्लेख कधीच करत नाही. दंड भरून प्रश्न सुटतो असंही नाही. त्या मॉडेलला जास्त वेगासाठी मान्यताच नसते, त्यामुळे आरटीओत जाऊन पासिंग करून घ्यायची सोय उरत नाही.

खरा फटका अपघातात बसतो. समोरच्याला इजा झाली तर भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो, आणि विमा नसल्याने मंजूर होणारी रक्कम मालकाला खिशातून भरावी लागते.

दहावी-बारावीच्या मुलांना क्लासला जायला ही गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांनी पुढचं जरा थांबून वाचावं. पंचवीसच्या आतल्या गाडीला मोटार वाहन कायद्याची वयाची अट लागत नाही, म्हणून ती मुलाच्या हातात देता येते. पण मुलाने मित्राच्या ओळखीने लॉक काढून घेतलं, तर कलम १९९-अ लागू शकतं. त्यात पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षं पुरी होईपर्यंत लायसन मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हतं, हे पालकाला सिद्ध करावं लागतं. गाडी महिन्यातून एकदा स्वतः चालवून बघा. काटा तिशीवर गेला तर काय झालंय ते विचारावं लागणार नाही.

सवलतीतली गाडी म्हणजे मोकाट सोडलेली गाडी नव्हे. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे कोणतंही वाहन चालवणाऱ्याला लागतं, त्यात मोटार असायलाच हवी असं नाही. हेल्मेटची सक्ती मोटरसायकलपुरती आहे, म्हणून इथे कायदा बोट दाखवणार नाही. तरी हेल्मेट घालावं. पंचवीसने पडलं तरी डोकं फुटतं.

हा आकडा जगभर सारखा नाही. युरोपातल्या ई-सायकलीला २५ किलोमीटर आणि २५० वॉट हीच जोडी आहे, पण तिथे पायडल मारावं लागतं. जर्मनीने २०१९ मध्ये उभ्याच्या स्कूटरला रस्ता मोकळा केला तो ताशी २० ला, आणि विम्याची छोटी पाटी लावायची अट घालून. अमेरिकेत अनेक राज्यांत ई-सायकलीची मोटर ७५० वॉटपर्यंत चालते आणि मदत ताशी ३२ किलोमीटरला थांबते, एका वर्गात ४५ ला. ब्रिटनमध्ये स्वतःच्या मालकीची उभ्याची स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर चालवणंच बेकायदा आहे, मग ती दुकानात खुलेआम मिळत का असेना. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

खरेदीला गेलात तर मॉडेलचं चाचणी प्रमाणपत्र मागा, त्यावरचं मॉडेलचं नाव आणि मोटरची ताकद गाडीवरच्या पट्टीशी ताडून बघा, आणि दोन्ही पावतीवर लिहून घ्या. प्रमाणपत्र ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. रोजचा रस्ता मोठा असेल, चढ असतील, मागे कुणाला बसवायचं असेल, तर पंचवीसची गाडी तुमच्या कामाची नाही. मग सरळ हिरव्या पाटीची, पासिंग झालेली गाडी घ्या. २०२४ साली आलेली विजेवरची लुनासुद्धा याच वर्गातली आहे, ताशी ५० पर्यंत जाणारी. त्या गाडीला लायसन, विमा, हेल्मेट सगळं लागेल, आणि मग रस्त्यावरच्या पाटीवर लिहिलेली वेगमर्यादा खरोखर तुमच्यासाठी असेल.